काँटेसा घाटात मध्येच बार काढते, गॅरेजमध्ये मात्र शहाणी!

घाटमाथा_सातारा
राम राम मंडळी. गाडी १९८५ची काँटेसा. इंजिन मूळचंच, १४८९ सीसी, अ‍ॅम्बॅसिडरमध्ये यायचं ते. ठिणगीसाठी करंट तोडणारे जुन्या पद्धतीचे पॉइंट-कंडेन्सर, एस.यू. कार्बोरेटर, चार गिअर. मामांची गाडी, त्यांनी हौसेनं दिली, मी रविवारी चालवतो.

दुखणं असं आहे. पोवई नाका, राजवाडा, गोडोली, गावात कितीही फिरवा, तक्रार नाही. यवतेश्वरचा घाट लागला, इंजिन तापलं, की खेळ सुरू. वळणावर रेस सोडली, दुसरा टाकला, परत रेस दिली की मागून धाड! कधी लागोपाठ दोनदा, कधी कासपर्यंत एकदाही नाही. मधूनच बॉनेटखाली खोकल्यासारखा ‘फुस्स’ आवाजही येतो. परवा पुण्याहून येताना खंबाटकी चढताना असा बार झाला, की मागचा बुलेटवाला गाडी कडेला घेऊन आपलीच बुलेट तपासायला लागला.

प्लग, पॉइंट, कंडेन्सर, पेट्रोल फिल्टर सगळं नवं घातलंय. गॅरेजमध्ये नेली की स्लो रेसवर एक मिस मारत नाही. मिस्त्री म्हणतात, आवाज ऐकल्याशिवाय मी काय करू? दुसऱ्या एका गॅरेजनं गाडी न चालवताच सांगितलं, व्हॉल्व्ह जळालाय, हेड उतरवा. खर्चाचा आकडा ऐकून गाडी तशीच घरी आणली.

इसुझू इंजिन बसवा हा सल्ला कृपया नको.

तांबडा_पांढरा
दिसायला पैलवान आणि छातीत पन्नास घोडे, त्यात यवतेश्वरचा चढ. इसुझू १.८ बसवा राव, ८८ घोडे, पाच गिअर, विषय कट.

घाटमाथा_सातारा
शेवटची ओळ वाचली नाही वाटतं.

तांबडा_पांढरा
वाचली. म्हणूनच लिहिलं :)

जुना_फिटर
मी सांगलीचा. माधवनगर रोडला आमचं गॅरेज होतं, आता मुलगा कुपवाडला मोठ्या गाड्यांचं काम बघतो. या इंजिनाची बरीच हेडं उतरवलीत, त्यातली निम्मी उगाच. तेव्हा हेडला आत्ता हात लावू नका.

पहिलं काम, पुढचा आणि मागचा आवाज वेगळा धरा. लोक दोन्हीला बॅकफायर म्हणतात, पण दुखणी वेगळी. कार्बोरेटरमधून बार येतो तेव्हा आग इनटेकमध्ये शिरलेली असते. मिश्रण पातळ पडलं, म्हणजे हवा जास्त नि पेट्रोल कमी, की ते सावकाश जळतं आणि इनटेक व्हॉल्व्ह उघडेपर्यंत आग शिल्लक राहते. किंवा टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, हललेलं असतं, किंवा करंट भलत्या सिलिंडरला जातो, किंवा व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. सायलेन्सरमधून बार येतो तो न जळलेल्या पेट्रोलचा. सिलिंडरात पेटायला हवं होतं ते मागं जाऊन पेटलं, एवढाच त्याचा अर्थ.

मला एवढं सांगा. बार होतो त्या क्षणाला गाडी आधी झटका खाते का, की नुसता आवाज? आणि पूर्ण रेस दाबून धरली असताना कधी झालाय?

आणि एक. एअर फिल्टर काढून, तोंड कार्बोरेटरवर धरून कुणाला स्टार्टर मारायला सांगू नका. भुवया जळालेला एक पोरगा माझ्याकडे कामाला होता.

घाटमाथा_सातारा
काका, मुद्द्याचं विचारलंत. मागचा बार व्हायच्या आधी गाडी क्षणभर मेल्यासारखी होते. कुणी चावी बंद करून चालू केल्यासारखं. मग धाड, आणि परत ओढायला लागते. पूर्ण दाबून धरली की नाही होत, आठवून बघितलं तर एकदाही नाही. रेस सोडून परत देतानाच. पुढचा ‘फुस्स’ वेगळा, तो झटकन रेस दिली की येतो, गावातही येतो.

ऊसवाला_वाळवा
एवढं कशाला खोलात जाताय? पेट्रोल बघा. ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवालं, आहे आता सगळीकडे. आपल्याच उसाचं इथेनॉल आपल्याच गाडीला बाधतंय. दोन महिने उभ्या असलेल्या माझ्या यझदीच्या टाकीत खाली पाणी वेगळं झालेलं मी डोळ्यांनी बघितलंय.

तांबडा_पांढरा
ऊस घालताना नाही आठवलं का यझदी?

ऊसवाला_वाळवा
बिल थकलं की सगळं आठवतं.

जुना_फिटर
ऊसवाले म्हणतात त्यात तथ्य आहे, पण अर्धं. साध्या पेट्रोलला पुरतं जळायला एका भागाला हवा लागते १४.७ भाग. इथेनॉलला लागते ९. वीस टक्के मिसळलं की हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो जुन्याच मापानं पेट्रोल सोडतो. म्हणजे मिश्रण सात-आठ टक्के पातळ झालं. कॉम्प्युटरवाली गाडी आपलं आपण सांभाळून घेते, आपल्या गाडीत पाना घेऊन आपणच सांभाळायचं. जुने रबरी पाइप फुगतात, ते वेगळं.

एस.यू.मध्ये हे बघणं सोपं आहे. इंजिन गरम करा, स्लो रेसवर ठेवा. कार्बोरेटरच्या अंगाला त्याच्या आतला पिस्टन उचलायची छोटी पिन असते. ती हलकेच दाबा, पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचलू द्या, जास्त नाही. रेस वाढली आणि वाढलेलीच राहिली तर पेट्रोल जास्त. इंजिन बसायला लागलं तर पातळ. किंचित वाढून परत जागेवर आली तर बरोबर. पातळ निघालं तर खालचा जेटचा नट खाली फिरवा. षटकोनी नट आहे, एकेक कड फिरवून बघा, एकदम आटा मारू नका.

हे करण्याआधी कार्बोरेटरच्या डोक्यावरची टोपी काढून तेल बघा. डँपरमध्ये तेल नसेल तर झटकन रेस दिल्यावर पिस्टन टुणकन वर जातो, हवा जास्त येते आणि कार्बोरेटर खोकतो. तुमचा ‘फुस्स’ मला तिथला वाटतो. साधं इंजिन ऑइल चालतं.

पण मागच्या बाराचं कोडं पेट्रोलनं सुटत नाही. मिश्रण पातळ असेल तर पूर्ण रेस देऊन चढताना जास्त त्रास व्हायला हवा. तुमची गाडी तेव्हाच गुमान चालते.

कोयनेचा_पोरगा
नमस्कार, मूळ कराडचा, सध्या ओहायोत. इथं शेजाऱ्याकडे १९६९ची कमॅरो आहे, शेव्हीचा व्ही-एट. ती अशीच मधूनमधून बार काढायची. त्या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२. पाच आणि सात नंबरचे सिलिंडर शेजारी आहेत आणि लागोपाठ पेटतात. त्यांच्या प्लग वायरी शेजारून समांतर नेल्या की पाचचा करंट सातच्या वायरीत उतरतो आणि सातला वेळेआधी ठिणगी पडते. शेजाऱ्यानं दोन वायरी लांब केल्या आणि बार थांबले. अंधारात बॉनेट उघडून बघितलं तर जुन्या वायरींवर निळसर ठिणग्या खेळताना दिसतात, तेही बघून ठेवा.

जुना_फिटर
बरोबर आहे, आणि ते आपल्यालाही लागू आहे. आपला ऑर्डर १-३-४-२. तीन आणि चार शेजारी, लागोपाठ पेटणारे. दोन आणि एक तसेच. तीनला ठिणगी पडते तेव्हा चारचा पिस्टन खाली असतो आणि इनटेक व्हॉल्व्ह अजून पूर्ण मिटलेला नसतो. तिथं ठिणगी पडली की आग थेट कार्बोरेटरकडे. वायरी एकत्र बांधून नीटनेटक्या केल्या असतील तर सोडा. प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची कॅप आतून पुसून उजेडात धरा, पेन्सिलनं ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दोन टोकांमध्ये दिसली तर कॅप गेली.

घाटमाथा_सातारा
आजचा अहवाल.

डँपर कोरडा ठणठणीत होता. तेल घातलं, ‘फुस्स’ बंद! पिन दाबून बघितली, इंजिन बसत होतं, म्हणजे पातळ. नट थोडा खाली घेतला, आता काकांनी सांगितलं तसं होतंय. स्लो रेस सुधारली, सकाळी चोकही कमी लागतो.

वायरी कुणीतरी प्लॅस्टिकच्या पट्टीनं एकत्र आवळल्या होत्या, सोडवल्या. कॅप स्वच्छ, रेघ नाही. रात्री बॉनेट उघडून अंधारात बघितलं, काही चमकलं नाही. कॉम्प्रेशनही बघून घेतलं, चारही सिलिंडर एकसारखे, १२५च्या आसपास.

आणि यवतेश्वरला मागचा बार आहे तसाच. उलट आता मिश्रण भरदार झाल्यामुळे आवाज जास्त कडक येतो. बायकोनं यापुढे कासला एसटीनं जाईन असं जाहीर केलंय.

माणदेशी_माणूस
कॉम्प्रेशन चारीला सारखं म्हंजी व्हॉल्व्ह जळाल्याचा इषयच न्हाई. त्या गॅरेजवाल्यानं हेड उतरवून काय बघितलं असतं देव जाणे. आमच्या आटपाडीकडं जीपला असंच व्हायचं, इग्निशन स्विचमधी लूज कनेक्शन. खड्ड्यात गेली की करंट गायब. तुमच्या चावीला लई किल्ल्या अडकवल्यात का बघा.

घाटमाथा_सातारा
चावी एकटीच आहे. हलवून, ठोकून बघितलं, फरक नाही. खड्ड्यांशी संबंध वाटत नाही, घाटातला रस्ता चांगला असेल तिथंही होतं.

जुना_फिटर
माणदेशी पावणं वाटेवर आहेत. करंटच गायब होतोय, प्रश्न कुठं एवढाच.

आता गाडी कधी बार काढत नाही तेवढं बघू. स्लो रेसवर नाही. पूर्ण रेस दाबल्यावर नाही. रेस सोडून परत अर्धवट देताना होतं. या तिन्ही वेळी गाडीत एक गोष्ट वेगळी असते, ती म्हणजे डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूम.

कार्बोरेटरवरून डिस्ट्रिब्युटरच्या डबीला बारीक पाइप जातो ना, त्याचं भोक थ्रॉटलच्या पातीच्या कडेला असतं. स्लो रेसला पाती मिटलेली, भोक झाकलेलं, ओढ नाही. पूर्ण रेसला पाती सताड उघडी, इंजिनातच ओढ कमी. अर्ध्या रेसला मात्र ओढ जोरात. ती डबीतला पडदा ओढते, पडदा आतली पॉइंटची प्लेट फिरवतो आणि टायमिंग पुढं जातं. तुम्ही वळणावर रेस सोडली की प्लेट मागं येते, दिली की पुढं जाते. घाटात ही ये-जा सतत. गॅरेजमध्ये स्लो रेसवर प्लेट जागची हलत नाही, म्हणून मिस्त्रींना काही सापडत नाही.

त्या प्लेटला दोन बारीक वायरी आहेत. एक बाहेरच्या टर्मिनलवरून पॉइंटला येणारी, दुसरी प्लेटची अर्थिंगची. चाळीस वर्षं त्या प्लेटबरोबर वाकतायत. पॉइंट नवे घातले तरी या वायरी जुन्याच राहतात, कुणी बघत नाही.

दोन गोष्टी करा. पहिली, व्हॅक्यूम पाइप कार्बोरेटरकडून काढा, कार्बोरेटरचं भोक रबरी टोपीनं बंद करा आणि घाट चढून या. भोक उघडं ठेवलंत तर तिथून हवा ओढली जाईल आणि आत्ता कुठं बसवलेलं मिश्रण परत पातळ होईल. दुसरी, आल्यावर गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून, स्लो रेसवर. पाइपचं मोकळं टोक तोंडात धरून ओढा. इंजिनाची रेस थोडी वाढायला हवी. बंद पडायला लागलं तर दुखणं कुठं आहे ते मी सांगायला नको.

तांबडा_पांढरा
काका, पाइप तोंडात धरून गाडीला दम मारायचा? इसुझूला असले चोचले नव्हते.

जुना_फिटर
पाइप आधी पुसून घ्यावा.

घाटमाथा_सातारा
मंडळी, सापडलं!!

भोक बंद करून यवतेश्वरला जाऊन आलो. पिकअप जरा मंद, पण एकही बार नाही. मुद्दाम प्रत्येक वळणावर रेस सोडली-दिली, तरी नाही. खाली आल्यावर पाइप तोंडात धरून ओढला आणि इंजिन गचके खाऊन मेलं. परत सुरू केली, परत ओढला, परत तेच. मुलगा शेजारी उभा होता, त्याला ही जादू वाटली, तोही ओढून बघतो म्हणाला.

मग कॅप आणि रोटर काढला. पॉइंटला येणारी वायर वरून धडधाकट. दोन बोटांत धरून वाकवली तर मधे एका जागी दोऱ्यासारखी लुळी पडली. वरचं कापडी वेष्टण ब्लेडनं चिरलं. आत तांब्याच्या तारा जवळजवळ सगळ्या तुटलेल्या, टोकं काळी हिरवी पडलेली, दोन-तीन केसांएवढ्या तारांवर सगळा कारभार. मल्टिमीटर लावून प्लेट बोटानं फिरवली तर अर्ध्या वाटेवर वाचन गायब, पुढं गेलं की परत हजर.

काका, साष्टांग दंडवत.

कोयनेचा_पोरगा
वा! पण एक शंका. वायर तुटली तर करंट जाईल, गाडी गचका खाईल, हे कळलं. बार कशाचा?

जुना_फिटर
पोरं उतारावर मोटारसायकलची चावी बंद करून चालू करतात आणि फटाका काढतात, तेच इथं आपोआप होत होतं. करंट गेला तरी चाकांच्या जोरावर इंजिन फिरत राहतं. पेट्रोल-हवा ओढतं आणि न पेटवता मागं सोडतं. सायलेन्सर त्यानं भरतो. तारा परत टेकल्या, करंट आला, पहिली ज्वाला बाहेर पडली की मागचा सगळा साठा एका दमात पेटतो.

शिवाय तार तुटते त्या क्षणी ती स्वतःच पॉइंटचं काम करते. कॉइलचा प्राथमिक करंट तोडला की ठिणगी पडणारच, मग तो पॉइंटनं तोडला काय नि तुटक्या वायरीनं तोडला काय. त्या वेळी रोटर कुठं तोंड करून असेल त्याचा नेम नाही.

सायलेन्सरची शिवण आणि मागचा डबा तेवढा तपासून घ्या, असल्या बारांनी तो फाटतो.

घाटमाथा_सातारा
डबा शाबूत आहे. आता वायर कुठली घालू? घरात लाइटच्या फिटिंगची पडलीय.

जुना_फिटर
ती नको. जाड तारांची कडक वायर घातली तर एक तर प्लेटला अडवेल, नाहीतर महिन्याभरात तीच तुटेल. खूप बारीक तारांची, मऊ सिलिकॉन वेष्टणाची वायर लागते. मल्टिमीटरच्या प्रोबची असते तशी. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मीटरवर मिळते. डाग देताना टोकालाच द्या, शिसं वायरीत वर चढलं की तेवढा तुकडा कडक होतो आणि नेमका तिथंच मोडतो. थोडा झोल ठेवा, पण रोटरला किंवा कॅमला घासणार नाही एवढाच. अर्थिंगची वायरही आत्ताच बदला. मग पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर आणि टायमिंग परत बघा.

सदाशिवगड_७७
एवढं करण्यापेक्षा पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल का नाही बसवत? कॅपखाली मावतं, बाहेरून काही कळत नाही.

जुना_फिटर
बसवा की, चांगलं असतं. पण त्याच्याही वायरी त्याच हलत्या प्लेटवरून येतात. आणि ते मॉड्यूल बामणोलीच्या रस्त्यात गेलं तर काय करणार? पॉइंट गेले तर काडेपेटीच्या कडेनं घासून घरी येता येतं. मी म्हातारा आहे, माझं ऐकायलाच हवं असं नाही.

सदाशिवगड_७७
मी बसवलंय, तीन पावसाळे झाले, काही झालेलं नाही. जुनी प्लेट पॉइंटसकट डिकीत ठेवतो, इतकंच.

जुना_फिटर
मग तुमचं-आमचं भांडणच नाही.

घाटमाथा_सातारा
दोन्ही वायरी बदलल्या, व्हॅक्यूम पाइप परत जोडला. यवतेश्वर, कास, परत खाली. मोठा बार बंद. पिकअप आता मामांच्या वेळेसारखा आहे असं स्वतः मामा म्हणाले.

फक्त उतारावर गिअरमध्ये रेस सोडून येताना मागून बारीक ‘पट पट’ येतं. झटका नाही, गाडी मरत नाही.

जुना_फिटर
ते वेगळं प्रकरण. मॅनिफोल्ड आणि सायलेन्सर पाइपच्या सांध्यात बाहेरची हवा शिरत असणार. सकाळी थंड इंजिन सुरू करा, कुणाला तरी मागं जाड ओलं फडकं दोन-तीन सेकंद धरायला सांगा, तुम्ही पुढं कान द्या. सांध्यातून ‘फस फस’ ऐकू आलं की गॅस्केट बदला. सातारला नाही मिळालं तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात माप देऊन कापून मिळेल. नट गंजलेले असतील, आदल्या रात्री तेल सोडून ठेवा, जबरदस्ती केली तर स्टड मोडतो आणि मग खरंच खर्च निघतो.

ऊसवाला_वाळवा
काका, धागा वाचून आमच्या अ‍ॅम्बॅसिडरचा पाइप मीही ओढून बघितला. इंजिन मरत नाही, पण रेसही वाढत नाही, नुसती हवा येते तोंडात.

जुना_फिटर
डबीतला पडदा फाटलाय. डबी पुण्यात नाना पेठेत शोधा, जुनी घेणार असाल तर दुकानातच ओढून, जिभेनं बंद करून, धरून राहते का बघून घ्या. तोवर भोक बंद करून चालवा. पेट्रोल थोडं जास्त पिईल, बाकी काही बिघडत नाही.